काम चाळीस टक्क्यांवर, माणसं बावीस. कुणालाही न काढता सहा महिने कसे काढायचे?

गाळा_नंबर_१७ (२६ जून २०२०, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे माझं. भाड्याचा गाळा, चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), बाकी जुनी ड्रिलिंग-टॅपिंगची मशीनं. माणसं बावीस, त्यातली सोळा माझ्या रोलवर आणि सहा कॉन्ट्रॅक्टरची. काम सगळं ऑटोचं, आम्ही टिअर टू, म्हणजे आमचा माल ज्या कंपनीला जातो ती पुढे गाडीवाल्यांना देते. गेल्या वर्षीच मंदी होती, मग बीएस-सिक्समुळे (गाड्यांच्या धुराचे नवे नियम) पार्ट बदलले, आणि त्यावर हा कोरोनाचा लॉकडाऊन आला. एप्रिलमध्ये मारुतीची देशात एकही गाडी विकली गेली नाही, मग आमच्यापर्यंत काय झिरपलं असेल ते तुम्हीच बघा.

एप्रिलचा पगार पूर्ण दिला, मेचाही दिला, ओटी (ओव्हरटाइम) अर्थातच नाही. आता जूनचं शेड्यूल चाळीस टक्के आलंय, जुलैचंही तेवढंच म्हणतायत आणि तेही नक्की नाही. पगाराचं बिल साडेतीन लाखाच्या आसपास, वर गाळ्याचं भाडं, लाइट, दोन मशीनचे हप्ते (त्यांना ऑगस्टपर्यंत मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, घेतलाय). कस्टमरकडे फेब्रुवारी-मार्चची चौदा लाखांची बिलं अडकलीत, फोन केला की अकाउंटवाला म्हणतो आम्हालाच वरून आलेलं नाही.

सगळे म्हणतायत आठ जणांना काढ. शेजारच्या गाळ्यात हेल्पर सगळे बंदच केले. मला काढायचं नाहीये आणि त्यात फार मोठेपणा आहे असंही नाही, दोन सेटर (मशीनवर काम लावून देणारे) असे आहेत की ते गेले तर काम परत आल्यावर माल निघणारच नाही. पण मग सेटर ठेवायचे आणि हेल्पर घालवायचे का, तेही आठ-दहा वर्षं आहेत माझ्याकडे. कुणी असं निभावून नेलंय का, नेमकं काय केलं ते सांगा. "सकारात्मक राहा" वगैरे नको प्लीज.

रोखठोक_राव (२७ जून)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. धंदा राहिला तर नोकऱ्या राहतील. आठ काढून चौदा वाचत असतील तर काढा, नाहीतर डिसेंबरात बावीसच्या बावीस रस्त्यावर आणि तुम्हीही. काम आलं की माणसं मिळतात, बेकारी केवढी आहे बघा की.

हिशोबनीस (२७ जून)

रावसाहेब, "माणसं मिळतात" हे जरा चाकणला जाऊन बघा. मे महिन्यात श्रमिक ट्रेनने जे गावी गेले त्यांना परत आणायला आता कंपन्या बस पाठवतायत.

मी अकाउंट्स बघतो अशा पाच-सहा छोट्या युनिटचे, म्हणून आकड्यात सांगतो. धागाकर्ते, आधी काढायचाच खर्च मांडा. समजा ऑपरेटर सहा वर्षं जुना आहे, ग्रॉस सोळा हजार, त्यात बेसिक-डीए तेरा. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-एफ म्हणतं एक महिन्याची नोटीस किंवा नोटिशीचा पगार, झाले सोळा हजार. वर दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, साधारण आठ हजार गुणिले सहा, अठ्ठेचाळीस. ग्रॅच्युइटी तेरा हजाराचे पंधरा भागिले सव्वीस गुणिले सहा, पंचेचाळीस. एक लाख नऊ हजार झाले, आणि हे ताबडतोब, रोख. तोच माणूस अर्ध्या हजेरीवर सहा महिने ठेवला तर अठ्ठेचाळीस हजार आणि थोडा पीएफ-ईएसआयसी (कामगार विमा). म्हणजे नियमाने काढणं हे ठेवण्याच्या दुप्पट पडतं. हां, नियमाने कोण काढतं हा वेगळा प्रश्न, बहुतेक जण "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगतात, पण मग लेबर कोर्टाची तारीख दोन वर्षांनी का होईना येते.

आता पैसा कुठून आणायचा. पगाराला हात लावायच्या आधी बाकी सगळं पिळून घ्या.

बँक. केंद्राची नवी गॅरंटीवाली लोन योजना आहे, २९ फेब्रुवारीला तुमचं सीसी (कॅश क्रेडिट) आणि टर्म लोन मिळून जे येणं होतं त्याच्या वीस टक्के, तारण नाही, गॅरंटी सरकारची शंभर टक्के. व्याज बँकेत जास्तीत जास्त ९.२५ टक्के, चार वर्षं मुदत, पहिलं वर्ष मुद्दल नाही. तुमचं येणं समजा साठ लाख असेल तर बारा लाख मिळतात, पहिल्या वर्षी महिन्याला सव्वानऊ हजार व्याज. बारा लाख म्हणजे तुमचं साडेतीन महिन्यांचं पगाराचं बिल. पण हे कर्ज आहे, अनुदान नाही, दुसऱ्या वर्षापासून महिन्याला तेहतीस हजार मुद्दल अधिक व्याज असं सुरू होईल, तेव्हा सगळं पगारात उडवू नका. मॅनेजर "अजून सर्क्युलर आलं नाही" म्हणाला तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सीसीचं व्याजही ऑगस्टपर्यंत पुढे ढकलता येतं आणि त्याचं मार्चपर्यंत फेडायचं वेगळं कर्ज करून घेता येतं. मोरॅटोरियममध्ये व्याज चालूच राहतं हे तुम्हाला माहीत असेलच, बऱ्याच जणांना नसतं म्हणून लिहिलं.

लाइट. स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकललाय, माफ केलेला नाही, ते पैसे बाजूला ठेवा. दोन मशीनं बंदच राहणार असतील तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड (मंजूर वीजभार) कमी करायचा अर्ज टाका.

पीएफ. शंभरच्या आत माणसं आणि त्यातली नव्वद टक्के पंधरा हजाराच्या खाली असतील तर त्यांचा दोन्ही बाजूंचा चोवीस टक्के पीएफ सरकार भरतंय, आता ऑगस्टपर्यंत वाढवलंय. तुमच्या सोळांपैकी पंधरा खाली हवेत. चौदाच असले तर साडेसत्त्याऐंशी टक्के होतात आणि तुम्ही बाहेर. बसत नसाल तर मे, जून, जुलै बाराऐवजी दहा टक्के एवढंच.

आणि सगळ्यात मोठं, ते चौदा लाख. तुम्ही एमएसएमई नोंदणीवाले असाल तर ४५ दिवसांत पैसे द्यायचा २००६ चा कायदा आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बँक रेट आत्ता ४.२५, म्हणजे पावणेतेरा टक्के. समाधान पोर्टलवर तक्रार टाकता येते. टाकाल का? नाही टाकणार, कारण पुढचं शेड्यूल जाईल. म्हणून दुसरा मार्ग, व्याजाचं नुसतं पत्र नम्र भाषेत द्या आणि त्यासोबत म्हणा की निम्मे आत्ता सोडले तर दोन टक्के सूट देतो. अकाउंटवाल्याशी नाही, परचेस हेडशी बोला. त्यांनाही सप्टेंबरला माल लागणारच आहे, त्यांचा व्हेंडर बंद पडला तर नवीन व्हेंडरचं पार्ट अप्रूव्हल करत बसावं लागेल हे त्यांना कळतं.

गाळ्याच्या मालकाला भेटा. दिवाळीपर्यंत निम्मं भाडं. रिकामे गाळे किती झालेत त्यालाही दिसतंय.

तळवडेकर (२७ जून)

वरच्या हिशोबाला +१. फक्त एक, हे सगळं कामगारांना दाखवा. आमच्याकडे मालकाने शेड्यूलची शीट आणि बँकेचं स्टेटमेंट कँटीनच्या भिंतीवर लावलं होतं, तोपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की मालक लॉकडाऊनच्या नावाखाली पैसे दाबतोय.

लातूरचा_पक्या (२८ जून)

मी चाकणला कॉन्ट्रॅक्टवर होतो. तुम्ही सगळे सोळांचंच बोलताय राव, ते सहा कुठं गेले हिशोबात? आमच्याकडं पण असंच झालं, परमनंटवाल्यांची मीटिंग झाली, पगार किती कापायचा ते ठरलं, चहा झाला, आणि आम्हाला काढलं असं कुणी म्हणालंच नाही, कॉन्ट्रॅक्टरनं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की पुढचा मेसेज येईपर्यंत येऊ नये. तो मेसेज अजून यायचाय. कंपनी म्हणती तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कंपनीनं माणसं कमी मागवली. रूमचं भाडं चौघांत चार हजार होतं, दोघं गावाकडं गेले तर दोघांवर आलं. गावात येऊन सोयाबीन पेरलं, बियाणं उगवलंच नाही निम्म्या रानात, ते एक वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच की सहा जणांना तुम्ही स्वतः फोन करा, कॉन्ट्रॅक्टरकडून नको. आणि पीएफ भरलाय का त्यांचा ते चलन मागून बघा कॉन्ट्रॅक्टरकडं. माझा दोन वर्षं कापला, खात्यात निम्मा पण नाही.

गाळा_नंबर_१७ (२८ जून)

पक्या भाऊ, बरोबर आहे तुमचं. चलन उद्याच मागतो. हिशोबनीस साहेब, पीएफमध्ये चौदाच बसतायत, त्यामुळे बाहेर. बँकेत सोमवारी जातोय.

वाळूजचा_युनियनवाला (२९ जून)

कायद्याचं नीट सांगतो कारण वर अर्धवट आलंय.

२९ मार्चला केंद्रीय गृहखात्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला होता की बंदच्या काळात पगार न कापता द्या. आपल्या राज्याने ३१ मार्चला जीआर काढला, त्यात कॉन्ट्रॅक्टचे, रोजंदारीवाले सगळेच कामावर हजर धरायचे होते. हायकोर्टाच्या आमच्या औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिलला सांगितलं की प्रवास आणि जेवणाचा भत्ता सोडून पगार द्या. मग १२ मेला तुळजाभवानी मंदिराच्या कंत्राटी कामगारांच्या केसमध्ये सांगितलं की अशा असाधारण परिस्थितीत "काम नाही तर दाम नाही" लावता येणार नाही. पण १८ मेपासून केंद्राने मूळ आदेशच मागे घेतला, आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मालक-कामगारांनी त्या काळातल्या पगाराबद्दल आपसात बोलणी करावीत, जमलं नाही तर कामगार खात्याकडे जावं, तोवर मालकांवर जबरदस्तीची कारवाई नको.

म्हणजे आज तुमच्यावर ना पूर्ण पगार द्यायची सक्ती आहे, ना मनाला येईल तसं कापायची मुभा. पगार किंवा कामाचे तास परस्पर बदलायचे तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ ची २१ दिवसांची नोटीस लागते. त्याऐवजी समझोता करा, त्याच कायद्याच्या कलम १८(१) चा. दोन्ही बाजूंच्या सह्या, मुदत लिहिलेली, प्रत लेबर ऑफिसरला. युनियन नसेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या.

पन्नासच्या आत माणसं असली की ले-ऑफची (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याची) पन्नास टक्के भरपाई द्यायचं कलम लागू होत नाही, हे तुमचा सल्लागार तुम्हाला सांगेलच, खुशीत सांगेल. कामगाराच्या बाजूने बघितलं तर हेच सगळ्यात मोठं भोक आहे. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ले-ऑफ आणि कपातीला सरकारची परवानगी लागते, आणि सगळी भाषणं त्या शंभराच्या आकड्यावर होतात, तो तीनशे करा म्हणून मालकांच्या संघटना किती वर्षं मागे लागल्यात. पण भोसरी, वाळूज, सातपूर, इचलकरंजी इथली बहुतेक युनिटं दहा-वीस-तीस माणसांची. तिथे माणूस टिकतो तो मालकाला तो परवडतो म्हणून, कायद्यामुळे नाही.

आणि कलम २५-जी विसरू नका, काढायचंच झालं तर शेवटी आलेला आधी. यामुळे नेहमी पोरंच जातात, आठ-नऊ महिने झालेली. २४० दिवस भरले नसतील तर भरपाईही नाही, म्हणून मालकाला तीच स्वस्त पडतात. हिशोबनीसांचा लाख रुपयांचा हिशोब जुन्या माणसाला वाचवतो, नव्याला नाही वाचवत.

समझोत्यात ह्या गोष्टी मी घालूनच घेतो: ठराविक तारखेला पगार पूर्ववत, कापलेल्यातला काही भाग काम सुधारल्यावर परत, त्या काळात नवीन भरती नाही, आणि पहिला ओटी आत्ता हजेरी कमी झालेल्यांनाच. शेवटची अट मालक सहज मान्य करतात कारण त्याला पैसे लागत नाहीत.

रोखठोक_राव (२९ जून)

मग थोडक्यात सरकारने काही द्यायचं नाही आणि मालकाने कर्ज काढून पगार द्यायचे. बरं आहे.

स्टुटगार्टहून_विनायक (३० जून)

रावांच्या मुद्द्यावर. मी इथे ऑटो कंपनीत आहे आणि एप्रिलपासून स्वतः कुर्झआर्बाइटवर (कमी तासांच्या कामाच्या सरकारी योजनेत) आहे. कंपनीने कामाचे तास निम्मे केले, राहिलेल्या निम्म्या तासांचा जो हातात येणारा पगार बुडला त्याच्या साठ टक्के मिळतात, मूल असेल तर सदुसष्ट. कंपनी पगारासोबत देते आणि रोजगार खात्याकडून परत घेते. नोकरी तुटत नाही, आयकार्ड तेच, काम आलं की दुसऱ्या दिवशी हजर. पैसा येतो कुठून तर बेकारी विम्यातून, पगाराच्या २.४ टक्के, निम्मे मी निम्मे कंपनी, चांगल्या दिवसात साठवलेले. २००९ च्या मंदीतही इथे हेच वापरलं होतं. चाकणला जर्मन कंपन्या आहेत, त्यांच्या इथल्या कामगाराला हे मिळतं आणि तिथल्याला नाही, कंपनी तीच. आपल्याकडे ईएसआयसीला मालक ३.२५ आणि कामगार ०.७५ असे चार टक्के जातातच की, त्यातून असं का होऊ नये हे मला खरंच कळत नाही.

एचआर_ताई (१ जुलै)

विनायक, होण्यासारखं थोडं आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे, पण ती नोकरी गेल्यावर, आणि पंचवीस टक्केच. माणूस कामावर असताना कमी तासांची भरपाई देणारं काही नाही.

मूळ प्रश्नाबद्दल, रोटेशन लावणार असाल तर ईएसआयसीचे दिवस मोजा. एप्रिल ते सप्टेंबर ह्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली नाही तर जानेवारीपासून त्या माणसाला आजारपणाचा भत्ता मिळत नाही. आणि आत्ताच्या दिवसात कुणाला कोविड झाला, क्वारंटाइन झाला तर तोच भत्ता कामाला येतो, सत्तर टक्के. एप्रिल-मे पूर्ण भरले असतील तर तुमची माणसं बसतील, पण कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे वेगळे तपासा. आठवडा तीन दिवसांचा करण्यापेक्षा एक आठवडा काम एक आठवडा सुट्टी असं करा, दोन बॅच एकमेकांना भेटत नाहीत, एक बॅच पॉझिटिव्ह निघाली तरी दुसरी चालू राहते. पगारी रजा शिल्लक असेल तर सुट्टीच्या आठवड्यात ती टाका, पण विचारून. पीएफमधून तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा पंचाहत्तर टक्के, जे कमी ते, परत न करता काढता येतं, फॉर्म ऑनलाइन आहे. मालकाने मात्र "पीएफ काढ की" असं म्हणू नये, बरं दिसत नाही. पैसा त्यांचाच आहे.

गाळा_नंबर_१७ (१२ सप्टेंबर २०२०)

धागा वर आणतोय, कारण तीन-चार जणांनी व्यनि करून विचारलं काय झालं.

समझोता झाला, सोळांच्या सह्या, लेबर ऑफिसमध्ये प्रत दिली. मी पगार घेतला नाही, ऑफिस आणि सुपरवायझर तीस टक्के कमी, ऑपरेटर-सेटर वीस, हेल्परचं काही कापलं नाही कारण कापायला आहे काय. एक आठवडाआड बॅच. यावर सेटर नाराज झाले, म्हणाले आम्ही जास्त शिकून आमचं जास्त कापता, आणि त्यातला एक गेलाच, तळेगावला जास्त पगारावर. त्याला अडवलं नाही. बँकेचं कर्ज मिळालं पण जुलैचा दहा दिवसांचा लॉकडाऊन मधे पडला म्हणून ऑगस्ट उजाडला, तो जुलैचा पगार बायकोच्या एफडीतून गेला. कस्टमरने चौदापैकी सहा सोडले, दोन टक्के सूट घेऊन, बाकी अजून तसेच.

कॉन्ट्रॅक्टच्या सहा जणांना फोन केले. दोघं गावाहून यायला तयार नाहीत, तिघांना बॅचमध्ये घेतलं. एकाला नाही घेऊ शकलो, तो सगळ्यात नवीन होता. युनियनवाले साहेब म्हणाले तसंच झालं.

काम आता सत्तर टक्क्यांपर्यंत आलंय, त्यातलं बरंचसं ट्रॅक्टरचं, ऑटोचं नाही. ते मिळालं ते आमच्या एका हेल्परच्या मेव्हण्यामुळे, तो तिकडे स्टोअरला आहे. ऑक्टोबरचा पगार पूर्ववत लिहिलाय समझोत्यात, ट्रॅक्टरवाले पैसे वेळेवर देतील तर होईल. कर्जाचं मुद्दल पुढच्या ऑगस्टपासून, त्याचं आत्ता बघत नाही.

लातूरचा_पक्या (१३ सप्टेंबर)

त्या राहिलेल्या एकाला अटल बीमित योजनेचं सांगा. गेल्या महिन्यात त्यात पंचवीसचे पन्नास टक्के केलेत, २४ मार्च ते डिसेंबरअखेरपर्यंत काम गेलेल्यांना, नव्वद दिवसांपर्यंत.

एचआर_ताई (१३ सप्टेंबर)

हो, आणि आता मालकाच्या सहीसाठी थांबावं लागत नाही, क्लेम थेट ईएसआयसीच्या शाखेत देता येतो, काम गेल्यापासून तीस दिवसांनी. पण दोन वर्षं विम्याखाली असावा लागतो, काम जायच्या आधीच्या सहामाहीत ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत ७८. नवीन होता म्हणताय, आधी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे होता का? असेल तर जुना विमा नंबर शोधायला सांगा त्याला, नवीन कॉन्ट्रॅक्टर बऱ्याचदा दुसराच नंबर काढतात आणि मग मागचे दिवस मोजले जात नाहीत. आधार आणि पासबुकची झेरॉक्स लागेल.

गाळा_नंबर_१७ (१३ सप्टेंबर)

आधी रांजणगावला होता, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे. फोन लावतो त्याला आत्ताच.